नवमीची धार

टी. नगर, मद्रास
२५ ऑक्टोबर १९५८

राघोत्तम,

बाबा गेल्यापासून आपण एकमेकांना पत्र लिहिलेलं नाही. देव माझ्याकडे आहेत म्हणून तू नवरात्राला येतोस तेव्हाही बोलणं होतं ते देवाच्या नैवेद्याचं आणि तुझ्या गाडीच्या वेळेचं. तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू दचकशील. दचकण्यासारखंच आहे.

दसऱ्याच्या सकाळी कोडंबाक्कमच्या स्टुडिओत आपल्या घरच्या तलवारीनं शेषगिरीच्या डाव्या हाताची चारही बोटं तुटली. शेषगिरी म्हणजे तोच नट. तुमच्या गल्लीतला न्हावीसुद्धा पोरांचे केस त्याच्यासारखे कापतो.

मी तिथे होते. नारायणस्वामींनी, म्हणजे चित्राच्या दिग्दर्शकांनी, मला कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली होती. साप्ताहिकात मी चित्रपटांवर लिहिते हे तुला ठाऊक आहे, आणि तू ते वाचत नाहीस हे मला. समोर राजवाड्याचा सेट होता, रेशमी पडदा, एक खांब. खांबाला पाठ लावून शेषगिरी उभा. त्याच्यावर चालून आले तुळजाजी. ते आपल्याच तंजावरचे, तलवारीचे वस्ताद. इथे त्यांना सगळे वाद्यार म्हणतात, गुरुजी म्हणावं तसं. शेषगिरीला तलवार धरायला त्यांनीच शिकवलं. आणि प्रत्येक चित्रात तोंडाला काळं फडकं बांधून तेच त्याच्याशी लढतात आणि त्याच्या हातून मरतात.

शेषगिरीची एक लकब आहे. लढाईच्या शेवटी तो शत्रूची तलवार उघड्या मुठीत पकडतो आणि हसतो. थेटरात त्या क्षणी खुर्च्या मोडतात. पातं बोथट असतं, म्हणून पकडता येतं.

परवा त्यानं तसंच पकडलं. आधी पडदा अर्धा कापून खाली आला, मग त्याची मूठ मिटली, आणि मग बोटं फरशीवर पडली. रक्त सरळ धारेनं खांबावर उडालं. तो ओरडला नाही. चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, कारण ते आधीच आलेलं होतं. तुळजाजींनी तलवार टाकली, डोक्याचा फेटा सोडला आणि त्याच्या दंडाला आवळून बांधला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, बोटं उचला. बर्फात घाला." मी उचलली. गरम होती.

ही तलवार महिनाभर त्याच सेटवर होती आणि तिनं कोणाला ओरखडाही काढला नव्हता. अष्टमीच्या संध्याकाळी ती पूजेसाठी घरी आली, दसऱ्याला सकाळी परत गेली. मधल्या वेळात, नवमीला, देवघराचं दार लावून तिच्याजवळ एकटा बसलेला माणूस तू.

एकच प्रश्न आहे. तू तिला धार लावलीस का? उलट टपालानं कळव.

कृष्णवेणी

---

टी. नगर
३ नोव्हेंबर १९५८

राघोत्तम,

तुझं उत्तर नाही. मग मीच लिहिते.

शेषगिरीच्या जखमेत विष झालं. डॉक्टरांनी पंजा मनगटापासून काढला. ही बातमी संध्याकाळच्या पेपरात आली आणि तासाभरात त्याच्या रसिक मंडळाची पोरं वडपळनीला तुळजाजींच्या घरापुढे जमली. तुळजाजी बसमधून उतरत होते. सायकलच्या साखळ्यांनी मारलं. खाली पडल्यावर एकानं उजवा हात पायरीवर ठेवला आणि दुसऱ्यानं त्यावर उडी मारली. कोपर मोडलं. मग घराच्या झावळ्यांना काडी लावली. राजसबाई, त्यांची बायको, आत तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली तेव्हा पदर पेटलेला होता. मान आणि एक कान भाजला आहे.

मी तिला दवाखान्यात भेटले. म्हणाली, "अक्का, हे दर चित्रात मरतात. मी पुढच्या बाकावर बसून हसते, घरी आल्यावर चिडवते, आज लवकर मेलात म्हणून. त्या दिवशी बसपाशी पडताना दारातून दिसले तेव्हा मला वाटलं, उठतील."

पोलिसांनी मारणारी पोरं सोडून दिली आणि तुळजाजींना दवाखान्याच्या खाटेवरच अटक केली. आरोप असा, की शेषगिरी पुढच्या चित्रापासून मुंबईचा नवा वस्ताद आणणार होता, त्या रागानं यांनी पात्याला चोरून धार लावली. शेषगिरीनं जबानीत हेच सांगितलं. ज्या माणसानं त्याचा दंड बांधून जीव वाचवला त्याच्याबद्दल.

मी इन्स्पेक्टरला सांगितलं, तलवार आदल्या दिवशी माझ्या घरी होती. त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही धार लावताना पाहिलंत?" नाही पाहिलं. आपल्या घरची रीत त्याला काय सांगू? खंडेनवमीला पुरुषानं पहाटे मौन धरून, दार लावून, पात्यावर दगड फिरवायचा. देवीपुढे बोथट शस्त्र ठेवायचं नाही. बायकांनी त्या दिवशी पात्याला हात लावायचा नाही. मी बी.ए. झालेली, पंचवीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेली बाई. पण दसऱ्याला स्टुडिओचा माणूस आला तेव्हा तू बांधून ठेवलेलं रेशमी बासन मी तसंच त्याच्या हातात दिलं. सोडून पाहिलं नाही.

तुळजाजींचं तेच. तो माणूस रोज सकाळी सेटवरच्या प्रत्येक पात्यावर अंगठा फिरवतो. धोबी जसा इस्त्रीला बोट लावून बघतो, तसा. त्या दिवशी तलवार देवीकडून आली होती. पात्यावर चंदन लिंपलेलं, त्यावर कुंकू. त्यांनी अंगठा फिरवला नाही, कपाळाला लावली. नारळ फुटला, कापूर जळला, आणि दसऱ्याचा पहिला शॉट म्हणून तालीम न करता कॅमेरा सुरू झाला.

तू विचारशील, देवघरातली तलवार स्टुडिओत गेलीच कशी. तुला सांगितलं होतं ना मी?

नाही सांगितलं. ते खोडणार होते, पण राहू दे. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून सांगितलं नाही. श्रावणात नारायणस्वामी घरी आले होते. पत्र्याच्या तलवारी त्यांना चालत नाहीत. म्हणाले, "पत्रा हलका असतो. हात कितीही नाटक करो, खांदा खोटं बोलतो." त्यांच्या लढाया मी गेली पंधरा वर्षं पाहते आहे. दुसरे लोक तुकडे जोडून लढाई करतात: एक चेहरा, एक पातं, एक किंकाळी. हा माणूस कॅमेरा लांब ठेवतो आणि हलवत नाही. दोन्ही माणसं नखशिखांत दिसतात, पाय दिसतात. पाय दिसले की फसवता येत नाही. अशा माणसानं आपली तलवार मागितली याचा मला अभिमान वाटला, हे लिहून टाकते. तुळजाजींनी माझ्यासमोर, माझ्या परवानगीनं, कानस मारून तिची धार उतरवली.

नवमीला पेटी उघडल्यावर ती बोथट धार तुला दिसलीच असणार. तू काही बोलला नाहीस. डोकं दुखतं म्हणून त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास.

उत्तर आलं नाही तर मी तिकडे येते.

कृ.

---

टी. नगर
१८ नोव्हेंबर १९५८

राघोत्तम,

तुझ्या दारातून परत आले त्याला आठवडा झाला. राग उतरला की लिहीन म्हणून थांबले. उतरला नाही, तेव्हा तसंच लिहिते.

तू मला ओसरीवर बसवलंस. पाणी दिलंस. मी विचारलं, आणि तू लगेच हो म्हणालास. तेवढं तुझं कौतुक. पण नंतर जे बोललास ते मी गाडीत पूर्ण रस्ता मनात घोळवत आले.

"मुठीवर लाल रंगाचा ठिपका होता, अक्का. स्टुडिओच्या सामानाच्या खोलीत खुर्च्यांवर मारतात तसा. तेव्हाच समजलों ही कुठे जाऊन आली ते. आपल्या पणज्यानं किल्ला राखला हिच्यानं. तुम्ही तिचं खेळणं केलंत. मी पुन्हा तलवार करून ठेवली, अस्कं सगळं तेवढंच."

मी म्हटलं, "ती परत जाणार हे तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

मग भांडं खाली ठेवून तू म्हणालास, "वाटलं होतं. गेली तर जाऊ दे, असंही वाटलं. एखाद्याचं बोट कापेल, मग पुन्हा देवघराकडे कोणी फिरकणार नाहीं."

राघोत्तम, एखाद्याचं बोट. मी ती वेचली आहेत. नखांना रंग लावलेला होता, राजाचा वेश म्हणून.

मी सांगितलं, मद्रासला चल, मॅजिस्ट्रेटपुढे एवढंच सांग. तू तंजावरच्या कोर्टात शिरस्तेदार होतास, कायदा मला शिकवू लागलास. मी तुझ्या तोंडून ऐकलेलं कोर्टात चालणार नाही, हे तूच हसत सांगितलंस. मी म्हटलं, म्हणूनच तू चल. तेव्हा तुझं हसू गेलं.

"त्या वाद्याराचं जे केलं तेच माझं करतील. वेड्यांचा जमाव आहे तो. नक्को अक्का."

"तुळजाजींच्या बायकोचा कान जळला आहे."

"सिनेमात गेलेल्यांनी जळायचं, अक्का. मी गेलों नाही."

आणि तू दार लावलंस. माझी पिशवी आतच राहिली होती, ती तुझ्या मोलकरणीनं खिडकीतून दिली. सत्तावन्न वर्षांच्या बहिणीला खिडकीतून पिशवी.

तू गेला नाहीस म्हणतोस. तुला विसर पडला आहे. शिवगंगेच्या मैदानातल्या तंबूत मुकी चित्रं यायची तेव्हा मला पहिल्यांदा कोण घेऊन गेलं? बाबांना न सांगता, तू. मी मोठी आणि तू एवढासा, पण वाचायला तू माझ्याहून चलाख. पडद्यावर पाटी आली की बाकावर उभा राहून मोठ्यानं वाचायचास, तामिळ वाचून लगेच मराठीत, मागच्या बायकांसाठी. एकदा एका पाटीवर लिहिलं होतं की राजकुमार निर्दोष आहे. तू ती वाचलीस आणि सगळा तंबू रडला. तंबूवाल्यानं तुला रोज फुकट सोडलं ते त्यासाठी.

तो मुलगा कुठे गेला, हे मी ओसरीवर विचारणार होते. तेवढ्यात दार लागलं.

तुझी बहीण

---

टी. नगर
९ डिसेंबर १९५८

राघोत्तम,

हे पत्र शांतपणे वाच. तुला शिव्या नाहीत यात.

काल पोलिसांनी तो शॉट पाहिला. शॉट आहे. बोटं पडली तरी नारायणस्वामी 'कट' म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलं, का? म्हणाले, "अम्मा, तोंडातून शब्द निघाला नाही. लोकांना वाटतं मी धीट आहे म्हणून कॅमेरा चालू ठेवला." खरं असेल. खोटंही असेल. फिल्म धुऊन आली तेव्हा त्यांनी ती जाळली नाही, एवढं खरं.

स्टुडिओच्या लहानशा थेटरात आम्ही बसलो होतो. इन्स्पेक्टर, नारायणस्वामी, मी. आणि पुढच्या रांगेत शेषगिरी. पांढरा सदरा, डावी बाही रिकामी दुमडलेली. त्यानं कोणालाही नमस्कार केला नाही. करायचा कसा?

पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी डोळे मिटले. दुसऱ्यांदा पाहिलं ते रक्तच. तिसऱ्यांदा मी स्वतःला म्हटलं, कृष्णवेणी, जन्मभर लोकांना सांगत आलीस की चित्र बघायला शिका, आता बघ. मग मी एरवी लढाया पाहते तसं पाहिलं: आधी पाय, मग खांदा, मग हात.

वार उजवीकडून मानेच्या उंचीनं येतो. वाटेत पडदा आहे. तलवार बोथट असती तर पडदा ढकलला गेला असता, फाटला नसता. तो कापला जातो. तुळजाजींचे डोळे काळ्या फडक्यावर दिसतात. पडदा खाली येताना ते डोळे पडद्याकडे जातात. आणि त्याच क्षणी, शेषगिरीची मूठ मिटायच्या आत, त्यांचं मनगट फिरतं. पूर्ण जोरात सुटलेला वार ते खाली दाबतात. पाऊल घसरतं, गुडघा फरशीवर आपटतो. म्हणून पातं मुठीतून खाली निघालं आणि बोटं गेली. मनगट फिरलं नसतं तर ते मुठीतून आरपार मानेत गेलं असतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "पुन्हा लावा. आता तलवारीकडे बघू नका. त्यांच्या मनगटाकडे बघा."

पुन्हा लावला. इन्स्पेक्टर म्हणाला, "काय ते?" त्याला दिसलं नाही. पुन्हा लावला.

शेषगिरीला दिसलं. त्यानं आपला खुंटा वर उचलला, मनगट फिरवायला गेला, आणि तिथे पंजा नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो खुंटा तसाच पडद्याच्या उजेडात धरून बसला. मग म्हणाला, "वाद्यारनी मान वाचवली माझी."

एवढ्यावर प्रकरण मिटेल असं मला वाटलं. नाही मिटलं. इन्स्पेक्टरचं म्हणणं, आधी धार लावली, मारताना घाबरला, असंही होऊ शकतं. धार लावणारा दुसरा कोणी असेल तर आणून उभा करा. शेषगिरीचं तेच. मी म्हटलं, निदान तुमच्या पोरांना तरी सांगा, तुळजाजींना हात लावू नका म्हणून. तो म्हणाला, "अम्मा, माझा हात गेला. त्यांना कोणीतरी हवा आहे. दुसरं नाव द्या, मी तेच सांगतो."

दुसरं नाव माझ्या जिभेवर होतं. तुझ्या मुंजीत मी ते शंभरदा हाक मारून घेतलं आहे. दिलं नाही.

काल रात्री पुन्हा वडपळनीला त्या अर्धवट जळालेल्या घरावर दगड पडले. राजसबाईला मी इथे आणलं आहे. ती आपल्या देवघराच्या बाहेर झोपली, आत गेली नाही.

कृ.

---

टी. नगर
१४ जानेवारी १९५९

राघोत्तम,

सुनावणी पुढच्या सोमवारी, एग्मोरच्या कोर्टात. वकील म्हणतो, धार कोणी लावली हे कोणी सांगितलं नाही तर तुळजाजी आत जातील. उजवा हात प्लास्टरमध्ये. तुरुंगातही रसिक मंडळ असतंच, हे मला एका जमादारानं सांगितलं. तिथून ते परत येणार नाहीत.

मी तुला खोटा धीर देणार नाही. तू नाव सांगितलंस की तुला मारतील. कोर्टाच्या फाटकाशी पोरं रोज उभी असतात. पोलीस असतील, पण ते त्यांचेच काका-मामा. तुला मारतील, हे माहीत असून मी तुला बोलावते आहे. याचा हिशेब देवीपुढे मी देईन, तू माझ्यावर सोड.

तू म्हणालास, ती पुन्हा तलवार करून ठेवली. केलीस. आता तलवार चालल्यावर जे होतं तेही पुरतं कर.

सोमवारी पहाटे तंजावरची गाडी एग्मोरला लागते. मी फलाटावर असेन. तू उतरला नाहीस तर मी सरळ कोर्टात जाईन, ऐकीव म्हणून धुडकावतील ते सांगेन, आणि त्यानंतर तू नवरात्राला इकडे येऊ नकोस. देवीला मी बघीन.

भाषण नको. कायदा नको. तंबूतल्यासारखं उभं राहायचं आणि एकच पाटी वाचायची. धार मी लावली. पुरे.

अक्का

---

टी. नगर
२० सप्टेंबर १९५९

राघोत्तम,

तुझ्या सुनेचं पत्र आलं. तू आता काठीशिवाय फिरतोस म्हणे, आणि त्या दिवसाबद्दल विचारतोस. फाटकातून बाहेर आल्यानंतरचं तुला काही आठवत नाही. बरं, ऐक.

तू कोर्टात वाचलीस ती पाटी मी सांगितली त्याहून लांब होती. "धार मी लावली. तुळजाजीस ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीसही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं." शेवटचं वाक्य मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. तुळजाजींना सोडलं, तुला ताकीद दिली आणि मला तुझ्याहून लांब ताकीद दिली.

बाहेर नाव आपल्या आधी पोहोचलं होतं. पहिला दगड तुझ्या डाव्या डोळ्यावर बसला. तू फाटकाच्या पायरीवर पडलास. मग ते आले. एकाच्या हातात साखळी, दुसऱ्याच्या हातात चहाच्या टपरीची फळी. पोलीस बाजूला सरकले. मी तुझ्यावर ओणवी झाले, माझ्या पाठीत लाथ बसली, दोन बरगड्या गेल्या. ते मी तुला कळवलं नव्हतं, कारण त्यात कळवण्यासारखं काही नाही.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातली छत्री ओढून घेतली. तुळजाजी. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात माझी काळी छत्री. मला म्हणाले, "अक्का, बाजूला. पाय अडकतील."

त्यांनी तुझ्या दोन्ही बाजूंना पाय रोवले आणि तिथून हलले नाहीत. साखळी आली ती छत्रीच्या दांड्यावर गुंडाळून खेचली, पोरगा नाकावर आपटला. फळीवाल्याला गुडघ्यावर एक टोला. तिसऱ्याच्या गळ्याशी छत्रीचं टोक आलं आणि थांबलं. त्याला भोसकता आलं असतं. मी पाहिलं, मनगट पुन्हा फिरलं आणि टोक खाली गेलं. कॅमेरा नव्हता, पडदा नव्हता, तोंडाला काळं फडकं नव्हतं. त्या पोरांनी त्यांना इतक्या चित्रांत मरताना पाहिलं होतं की हा माणूस पडत कसा नाही हेच त्यांना समजेना. एक जण ओरडला, "वाद्यार, पडा ना आता." तुळजाजी म्हणाले, "आज नाही सामी. आज पगार नाही."

मग मोटार आली. शेषगिरी उतरला. रिकामी बाही सोडून, सगळ्यांना दिसेल अशी. तुळजाजींच्या पाया पडला, भर रस्त्यात, आणि उठताना त्याला एका हातानं उठता येईना, तेव्हा तुळजाजींनी छत्री टाकून त्याला धरलं. पोरं पांगली. आधी हे केलं असतं तर तुझा डोळा राहिला असता, असं मी त्याला तिथेच सुनावलं. त्यानं मान खाली घातली. मी त्याच्यावर पुन्हा लिहीन, पण एकदम नाही.

चित्र आता लागलं आहे. नारायणस्वामींनी तो शॉट ठेवला. ठेवू नका म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. ते म्हणाले, "शेषगिरीनं ठेव म्हटलं. तुळजाजींनी ठेव म्हटलं. तुम्ही कोण?" बोटं पडतात त्याच्या आधी त्यांनी तोडला आहे, मूठ मिटते तिथे. पण पडदा कापला जातो ते आहे. मी माउंट रोडच्या थेटरात जाऊन पाहिलं. पडदा पडतो तेव्हा सगळं थेटर शिट्या मारतं. माझ्या शेजारचा एक गृहस्थ मुलाला सांगत होता, बघ, खरी तलवार आहे. या चित्रावर मी साप्ताहिकात लिहिलेलं नाही. संपादक दर आठवड्याला मागतो.

तलवार कोर्टानं परत दिली आहे. पेटीत आहे. धार लावायचा दगड मी राजसबाईला दिला, ती त्यावर चटणी वाटते. नवमी जवळ आली. तुळजाजींनी डाव्या हातानं कानस मारून धार पुन्हा उतरवली; उजवं कोपर वाकत नाही, म्हणून पूर्ण दिवस लागला. यंदा ती देवीपुढे बोथट ठेवायची. तू पूजा कर, मौन धर, दार लाव. पण या वेळी दाराच्या आत मीही बसेन आणि पात्यावर अंगठा मी फिरवीन.

अष्टमीला ये. नवमीला पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारी मी तुला माउंट रोडला नेणार आहे. तिकिटं तुळजाजी काढणार आहेत, तेही येतील, राजसबाईसुद्धा. इतक्या वर्षांनी थेटरात बसशील, अंधारात गोंधळशील, लोक शिट्या मारतील तेव्हा तुला मारायला आले असं वाटेल. बसून राहा. तो रेशमी पडदा कापून पडताना तलवारीकडे बघू नकोस. मनगट बघ.

त्याला एक डोळा पुरतो.

तुझी अक्का